जाड आवाजाची गायिका

स्त्रीच्या गळ्याविषयीच्या आपल्या काही कल्पना इतक्या रूढ झालेल्या आहेत की, त्या केवळ कल्पना आहेत याचाच आपणांस विसर पडतो. गोड म्हणजे बारीक आणि बारीक म्हणजे वरच्या पट्टीतला, हे समीकरण स्वातंत्र्यानंतरच्या हिंदी चित्रपटांनी घरोघर पोहोचविले. गंगूबाई हनगल यांच्या भरदार आवाजाला मैफलीत मान मिळाला, हे खरे. पण रागदारीच्या दरबारात जे चालते, ते हलक्याफुलक्या गाण्यात चालतेच असे नाही. या पार्श्वभूमीवर श्रीमती उषा उथुप यांच्या गायनाचा विचार केला म्हणजे त्यांनी काय साधले, हे नीट उमगते. मी त्यांचा चाहता आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

१९४७ साली मुंबईत एका तमिळ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भायखळ्याच्या ज्या शाळेत त्या शिकल्या, तेथे त्यांचा आवाज समूहगानाशी जुळत नाही म्हणून त्यांना गायनाच्या वर्गातून बाहेर ठेवण्यात आले होते. जुळत नव्हता, यात नवल नाही. समूहगानात मुलींचे स्वर एका ठरावीक उंचीवर बांधलेले असतात; त्याखाली आपोआप उतरणारा गळा तेथे उपराच ठरतो. शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. घरी मात्र कानांवर सर्व तऱ्हेचे संगीत पडत असे, आणि ते पोहोचविणारा मुख्य दूत म्हणजे रेडिओ.

१९६९ च्या सुमारास मद्रासच्या माउंट रोडवरील 'नाइन जेम्स' या नाइट क्लबात त्या प्रथम गायल्या आणि पुढे कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरील 'ट्रिंकाज'मध्ये त्यांचे नाव झाले. अशा ठिकाणचे गाणे ही मोठी कठीण परीक्षा असते. श्रोते जेवत असतात, बोलत असतात, काट्याचमच्यांचा नाद चालू असतो. कोणी तेथे गाणे ऐकण्याचे व्रत घेऊन आलेला नसतो. अशा समुदायाला गायिकेने धरून ठेवायचे ते शब्दफेकीने, ठेक्याने आणि डोळ्यांनी. उषाबाईंचा खालच्या सप्तकात घुमणारा स्वर येथे नेमका उपयोगी पडला. तो गोंगाटावरून न जाता गोंगाटाच्या खालून येतो आणि श्रोत्याला हलकेच आपल्याकडे वळवितो. ज्या गुणामुळे शाळेने नाकारले, त्यानेच येथे भाकरी दिली!

आणि त्यांचा वेश? तोकडे, चमकदार कपडे हाच अशा जागी गायिकेचा गणवेश समजला जाई. उषाबाई आल्या त्या रुंद काठाची कांजीवरम् साडी नेसून, केसांत फुले माळून आणि कपाळी ठसठशीत कुंकू लावून. यात काही युक्ती होती असे मानण्याचे कारण नाही. घरी जे नेसत, तेच त्या नेसल्या. परिणाम मात्र विलक्षण झाला. लोकांची दृष्टी चेहऱ्यावर आणि आवाजावर खिळली. पुढे त्यांच्या मोठ्या टिकलीवर बंगाली 'क' अक्षर विराजमान झाले आणि पायांत कांजीवरम् काठ लावलेले कॅनव्हासचे बूट आले. ही गंमत मला साडीइतकीच आवडते.

चित्रपटसृष्टीने त्यांच्याशी थोडा कद्रूपणा केला, असे माझे मत आहे. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधील इंग्रजी गीत, १९८० च्या 'प्यारा दुश्मन'मधील 'हरी ओम हरी', १९८१ च्या 'अरमान'मधील 'रंबा हो' ही गाणी गाजली. परंतु त्यांतली शेवटची दोन्ही पडद्यावर क्लबातील नर्तकीच्या वाट्याला आली. जाड आवाजाची नायिका असू शकते, हे संगीतकारांच्या मनात येईना. साडीतल्या सुगृहिणीचा आवाज घेऊन तो वारंवार झगमगत्या कपड्यांतील नर्तकीच्या ओठी घालण्यात आला, हा विरोधाभास मौजेचा खराच, पण थोडा खेदाचाही.

१९८० च्या दशकात पश्चिम बंगालमध्ये अशा गाण्यास 'अपसंस्कृती' म्हणण्याची लाट आली आणि शासकीय सभागृहात गाण्यास त्यांना मज्जाव झाला. त्या न्यायालयात गेल्या व जिंकल्या. त्यांनी कलकत्ता सोडले नाही, हे अधिक महत्त्वाचे. ज्या नगरीत हा आक्षेप निघाला, तिचेच अक्षर त्या कपाळी मिरवितात.

पंधराहून अधिक भारतीय भाषांत त्या गायल्या; स्वाहिलीतही गायल्या. २०११ च्या 'सात खून माफ'मधील 'डार्लिंग' या गाण्यासाठी रेखा भारद्वाज यांच्यासह त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांचे वय चौसष्ट होते. त्या गाण्याची चाल एका रशियन लोकप्रिय गीतावर बेतलेली आहे. ठेका हळूहळू वाढत जातो, आणि दोन्ही गायिका त्याच्याबरोबर धावतात. कोणाचाही स्वर बारीक करण्याची गरज तेथे संगीतकाराला वाटलेली नाही.