ताट न विचारता दिलेला सल्ला

गेल्या महिन्यात दोन कागद माझ्या हातात आले. एक पेणच्या खारेपाटातल्या साठीच्या बाईंचा, दुसरा रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या चाळिशीतल्या माणसाचा. दोघांनी सवलतीतलं तपासणीचं पॅकेज घेतलं होतं आणि रिपोर्टासोबत दोघांना ‘खास तुमच्यासाठी’ अशा मथळ्याचा आहारतक्ता मिळाला होता. बाईंचं एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १७०. त्या माणसाचं एलडीएल जेमतेम ११०, पण ट्रायग्लिसराइड ३२० आणि एचडीएल, म्हणजे चांगलं म्हणतात ते, ३१. दुखणी वेगळी, त्यामागची कारणं वेगळी. तक्ता मात्र शब्दन्‌शब्द एकच: सकाळी ओट्स, दुपारी ब्राउन राइस आणि सॅमन, संध्याकाळी ग्रीन टी, रात्री ऑलिव्ह ऑइल घातलेलं सॅलड. वरचं नाव तेवढं निराळं. ‘हा मासा पेणच्या बाजारात कुणाकडे मिळेल, भाऊ?’ असं बाईंनी मला अगदी मनापासून विचारलं. ज्यांच्या दारच्या शेततळ्यात जिताडा वाढतो, त्यांच्यावर ही वेळ यावी याचा मला राग आला. कोलेस्टेरॉलबद्दल आपल्याला आजवर काय काय सांगितलं गेलं, ते म्हणूनच एकदा सलग मांडून पाहावंसं वाटलं.

सुरुवातीची चाळीसेक वर्षं भराभर उलटता येतात. १९४८ साली अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल व हृदयविकार यांचं नातं हळूहळू उलगडत गेलं. यकृत रक्तातलं एलडीएल कसं उचलून घेतं, याचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. १९८७ साली पहिलं स्टॅटिन औषध बाजारात आलं. पेण-रोह्यात तोवर हा पेपरात वाचायचा विषय होता. लोक शेतावर, मिठागरावर, गणपतीच्या कारखान्यात राबत होते, तांदळाची भाकरी आणि सुकट खात होते, आणि कोलेस्टेरॉल मोजायची कुणाला गरज वाटत नव्हती.

माझ्या मते खरी उलथापालथ झाली ती १९९४ ते २००५ या काळात. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली. पामतेलात निम्म्याच्या आसपास संपृक्त चरबी असते आणि ते स्वस्त पडतं, म्हणून वडापावच्या गाड्यांपासून फरसाणाच्या भट्ट्यांपर्यंत सगळीकडे ते शिरलं. त्याच सुमाराला डोलवीचा पोलाद कारखाना उभा राहिला. नागोठणे आणि धाटावचे कारखाने आधीपासून होतेच. शेतावरचा माणूस कंत्राटावर गेला, त्याच्या जेवणाच्या वेळा भोंग्याने ठरवल्या. कोस-दीड कोस सहज चालणारी माणसं मिनिडोरमध्ये बसू लागली. समुद्राच्या भरतीने बांध फुटून खारं पाणी शिरलं ती शेतं पडीक गेली आणि घरचा तांदूळ दुकानातून यायला लागला. पांढराशुभ्र, पॉलिश केलेला. ताटातला भात होता तेवढाच राहिला. राबणं गेलं, कोंडा गेला, तेल वाढलं.

नेमक्या या दशकात आपल्याला शिकवलं काय गेलं? अंड्यातला बलक विष, कोलंबी विष, नारळाला हात लावू नका. डब्यावर ठळक अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापून रिफाइंड तेल विकलं गेलं. कुठल्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. ते प्राण्यांच्या शरीरात बनतं. म्हणजे जे त्या तेलात कधी नव्हतंच, ते नसल्याचं श्रेय घेऊन त्या कंपन्यांनी आपल्या आयाबहिणींना चमचे मोकळे सोडायला शिकवलं. बलकावरची बंदी अमेरिकेने २०१५ साली सैल केली आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. आमच्याकडे मात्र कितीतरी कोळ्या-आगऱ्यांच्या म्हाताऱ्यांनी शेवटची वर्षं मासळीकडे पाठ फिरवून काढली, आणि चहाबरोबर खारी आणि टोस्ट खाल्ले. त्या खारीतल्या वनस्पती तुपात ट्रान्स चरबी होती. एलडीएल वाढवून वर एचडीएल खाली आणणारी ही सगळ्यांत वाईट चरबी, पण तिचं नाव त्या काळच्या कुठल्याही पथ्याच्या यादीत मी वाचलं नाही. ट्रान्स चरबीवरची २ टक्क्यांची मर्यादा आपल्या देशात लागू झाली ती जानेवारी २०२२ मध्ये.

त्याच दशकाने एक मोलाची गोष्टही दिली. १९९५ साली डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातून ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिलं गेलं. खाणं आणि जगणं बदलून हृदयविकार मागे हटवण्याच्या डीन ऑर्निश यांच्या प्रयोगाची ओळख मराठी घराघरांत झाली ती या पुस्तकाने. आपलं खाणं, चालणं, मनाचा ताण यांच्याकडे माणसाने स्वतः पाहायचं, ही त्याची शिकवण होती. पुढे लोकांनी त्यातला बिनतेलाचा स्वयंपाक तेवढा उचलला आणि स्वतःकडे पाहण्याचा भाग सोडून दिला, याची मला खंत आहे.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तो भाग सोडला नव्हता. आता ते नाहीत. रिपोर्ट बाजूला ठेवून ते आधी विचारायचे, ‘घरात माणसं किती? तेलाचा डबा किती दिवस पुरतो?’ आठ माणसांच्या घरात पंधरा किलोचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज साठ ग्रॅमच्या वर तेल पोटात जातं. चिठ्ठीच्या मागे ते एवढंच लिहायचे: ‘हाच डबा दोन महिने पुरवा.’ ही चिठ्ठी ते घरातल्या बाईच्या हातात द्यायचे, कारण कढई तिच्या ताब्यात. मग चहा किती वेळा, साखर किती चमचे, भात किती वेळा वाढून घेता, कामावर डबा नेता की गाडीवर खाता. ट्रायग्लिसराइड वाढलेल्याला ते भात, साखर आणि दारू कमी करायला सांगत. एलडीएल वाढलेल्याला तळण, वनस्पती तूप आणि वाटपातलं खोबरं. वालाचं बिरडं दोघांचंही चालू ठेवत, कारण कडधान्यातला विरघळणारा तंतू आतड्यात पित्तरसाला धरून बाहेर नेतो आणि नवं पित्त बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. थंडीत कुणी ‘पोपटी चालेल का’ विचारलं की ते हो म्हणत. भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात, वाल-पापडीच्या शेंगा, अंडी, कोंबडी भाजून निघते. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा नाही. सुकटीच्या मिठावर मात्र रक्तदाब असलेल्याला ते बजावायचे. आणि पथ्य पाळूनही ज्याचं एलडीएल उतरत नसे, त्याला दोष न देता गोळी सुरू करायचे. आहाराने एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरतं. ज्यांच्या घराण्यातच ते वाढलेलं असतं त्यांना औषध लागतंच, हे ते स्पष्ट सांगत.

नंतरची वर्षं एकामागून एक आलेल्या लाटांची आहेत. कधी दोनदाच जेवा, कधी दर दोन तासांनी खा, कधी सगळं पीठ बंद. २०१५ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेने ८०० माणसांवर अभ्यास करून दाखवलं की एकच पदार्थ खाऊन प्रत्येकाची रक्तशर्करा वेगवेगळी चढते. या शोधाचा अर्थ माणूस नीट विचारून घ्या, असा होता. बाजाराने मथळ्यात नाव छापून तो विकायला काढला.

आज परिस्थिती काय आहे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत ८१.२ टक्के प्रौढांच्या रक्तातल्या चरबीचं काहीतरी बिघडलेलं आढळलं. त्यातही एचडीएल कमी असणारे सर्वाधिक, ६६.९ टक्के, एलडीएल जास्त असणारे २०.९ टक्के. म्हणजे बलकाचा धसका घेऊन आपण ज्याच्या मागे धावलो, त्यापेक्षा मोठा बिघाड भातात, साखरेत, बसून राहण्यात आणि सुटलेल्या पोटात होता. २०२४ सालच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या थाळीनुसार २००० कॅलरी खाणाऱ्याला दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप पुरेसं आहे. नीती आयोगाच्या अहवालानुसार देशात दरडोई खप वर्षाला १९.७ किलो, म्हणजे दिवसाला ५४ ग्रॅम.

गावोगाव आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात: तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातला आजार. त्याच भेटीत तेलाचा डबा किती दिवस पुरतो, साखर महिन्याला किती लागते, भात किती वेळा होतो, हे तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटं पुरतील. पेण आणि रोहा, दोन्ही तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस तरी असा आहारतज्ज्ञ बसावा, ज्याला राता तांदूळ, जवळा, शेवळं आणि टाकळा ठाऊक आहेत. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावं आणि सल्ला बदलावा. याला ना अ‍ॅप लागतं, ना परदेशी मासा. पॅकेज विकणाऱ्यांनाही एवढंच सांगणं आहे की समोरच्या माणसाने काल दिवसभरात काय खाल्लं ते विचारलं नसेल, तर त्या कागदावर ‘खास तुमच्यासाठी’ छापू नका. आणि वाचकांनी असा कागद हातात आला तर तो परत करून आधी आपलं जेवण सांगावं. तो आपला हक्क आहे.