पाचव्या महिन्यात गर्भ का जातो? : पिशवीचे सैल तोंड आणि टाक्याचा उपाय

समाजाच्या कार्यक्रमांना येणाऱ्या भगिनींशी आरोग्याविषयी बोलताना एक हकिकत आमच्या कानावर पुन्हा पुन्हा येते. "सगळे व्यवस्थित चालले होते. पाचवा महिना लागला होता, बाळ हालू लागले होते. पोटात दुखलेसुद्धा नाही. नुसते खाली जड वाटले आणि थोड्या वेळात सगळे संपले." पुढचे वाक्य बहुधा खालच्या आवाजात येते : "घरचे म्हणतात, तूच काहीतरी जड उचलले असशील." कोणी नजर लागली म्हणते, कोणी करणी सांगते, कोणी गंडा बांधायला नेते. 1956 साली धम्मदीक्षा घेऊन आपण हे सारे सोडले खरे. परंतु घरात दुःख आले की ते मागच्या दाराने पुन्हा आत शिरते.

कारणावाचून कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण आहे. ती या दुःखालाही लागू पडते. अशा तऱ्हेने गर्भ जाण्यामागे पुष्कळदा शरीरातील एक कारण असते, ते ओळखता येते आणि त्यावर उपायही आहे. आपल्या भगिनींना, तसेच शिकणाऱ्या मुलामुलींना त्याची माहिती असावी म्हणून हा लेख.

हे घडते कसे?

गर्भाशयाला आपण बोलण्यात पिशवी म्हणतो. तिचा खालचा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयमुख, अर्थात पिशवीचे तोंड. गर्भारपणात ते लांब, घट्ट व बंद राहते. दिवस भरल्यावर, म्हणजे साधारण 37 आठवड्यांनंतर, ते मऊ पडते आणि कळांबरोबर उघडते. काही स्त्रियांत मात्र हे तोंड चौथ्या ते सहाव्या महिन्यातच, कळा नसताना, हळूहळू आखूड होऊन उघडू लागते. पाणमोट खाली उतरते, फुटते आणि बाळ जगू शकेल त्या वयाआधीच बाहेर येते. बाळात बहुधा काही दोष नसतो. त्याला धरून ठेवणारे तोंड सैल पडलेले असते.

आधीच्या बाळंतपणात तोंडाला पडलेली खोल चीर, तोंडाचा भाग काढण्याची झालेली शस्त्रक्रिया, उपकरणाने तोंड जोराने रुंद केलेले असणे, किंवा जन्मापासूनच पिशवीच्या रचनेत असलेला फरक ही त्याची काही कारणे होत. पुष्कळदा नेमके कारण सापडत नाही. परंतु घागर उचलल्याने, जिना चढल्याने किंवा ग्रहणात भाजी चिरल्याने पिशवीचे तोंड सैल होत नाही, हे घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. बहुतेक गर्भपात पहिल्या तीन महिन्यांत होतात. त्यांची कारणे वेगळी असतात आणि त्यांवर टाक्याचा उपयोग नसतो.

टाक्याचा शोध

या विकारावरील टाक्याचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मूळचे गोव्याचे, मुंबईतील नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ. चौथ्या ते सातव्या महिन्यात वारंवार गर्भ जाणाऱ्या स्त्रियांमध्ये पिशवीचे तोंडच कमकुवत असते, हे त्यांनी ओळखले. रुग्णाच्या मांडीतील चिवट पापुद्र्याची पट्टी काढून ती त्या तोंडाभोवती बांधण्याची शस्त्रक्रिया त्यांनी 1955 साली प्रसिद्ध केली. 1957 साली ऑस्ट्रेलियातील डॉ. मॅकडोनाल्ड यांनी त्याहून सोपी रीत मांडली. बटव्याची नाडी ओढून तोंड आवळावे, तसा हा टाका असतो. आज दोन्ही प्रकार जगभर वापरले जातात आणि पहिल्याला अजूनही शिरोडकर टाका म्हणतात.

टाका कोणाला व केव्हा?

ज्या स्त्रीचे गर्भ चौथ्या ते सहाव्या महिन्यात वारंवार, कळांशिवाय गेले आहेत, तिला सहसा 12 ते 14 आठवड्यांच्या सुमारास टाका घालतात. त्याआधी सोनोग्राफी करून बाळ ठीक असल्याची खात्री करतात.

ज्या स्त्रीचे मूल पूर्वी एकदा असे गेले आहे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मले आहे, तिच्या पिशवीच्या तोंडाची लांबी योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने वेळोवेळी मोजतात. 24 आठवड्यांच्या आत ती 25 मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर टाक्याचा विचार होतो. काही स्त्रियांना प्रोजेस्टेरॉन हे औषध देतात. तोंड उघडू लागल्यावर तातडीनेही टाका घालता येतो, पण त्यात यशाची खात्री कमी असते. कळा चालू असतील, रक्तस्राव होत असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा पाणी गेले असेल, तर टाका घालत नाहीत. जुळ्यांच्या गर्भारपणात तो सरसकट घालत नाहीत.

शस्त्रक्रिया लहान असते. बहुधा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. एकदोन दिवस थोडे रक्त अंगावरून जाऊ शकते. टाका म्हणजे हमी नव्हे. परंतु योग्य स्त्रीला, योग्य वेळी घातला तर लवकर प्रसूती होण्याचा धोका तो कमी करतो.

टाका घातल्यानंतर

महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहिल्याने लाभ होतो असे दिसून आलेले नाही. उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. हलके चालणेफिरणे, नेहमीचा आहार, लोहाच्या गोळ्या हे चालू ठेवावे. शरीरसंबंध, प्रवास व कामाबाबत डॉक्टरांना संकोच न करता विचारावे.

पोटात किंवा कमरेत थांबून थांबून दुखणे, खाली दाब वाटणे, रक्त किंवा पाणी जाणे, घाण वासाचा स्राव, ताप, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये, लगेच रुग्णालय गाठावे. टाका घातल्याचा कागद नेहमी जवळ ठेवावा. माहेरी जाताना तर तो न्यावाच, कारण कळा सुरू होऊनही टाका तसाच राहिला तर पिशवीचे तोंड फाटू शकते. एरवी 36 ते 37 आठवड्यांत तो काढतात व त्यानंतर नेहमीप्रमाणे प्रसूती होऊ शकते.

घरच्यांचे व समाजाचे कर्तव्य

पूर्वी मूल गेल्याची गोष्ट अनेक भगिनी नव्या डॉक्टरांपासून लपवतात. काही ठिकाणी सासरही लपवायला लावते. हे घातक आहे. दिवस गेल्याचे कळताच पहिल्या भेटीत सांगावे : कितव्या महिन्यात गेले, दुखले की नाही, आधी पाणी गेले की रक्त. जुने कागद सांभाळून ठेवावेत. सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रीची तपासणी, औषधे व प्रसूती जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. तातडीच्या वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

1928 साली मुंबई कायदेमंडळात गिरणीतील स्त्रियांना प्रसूतीची पगारी रजा देणाऱ्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. 1929 साली तो कायदा झाला. पुढे 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने गर्भपात झालेल्या कामगार स्त्रीलाही सहा आठवड्यांची पगारी रजा दिली आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. नोकरी करणाऱ्या भगिनींनी हा हक्क माहीत करून घ्यावा.

मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागणाऱ्या किसा गोतमीला तथागतांनी गंडा दिला नाही की दोष दिला नाही. जिथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगून त्यांनी तिला दारोदार पाठविले, आणि हे दुःख आपल्या एकटीचे नाही हे तिचे तिलाच कळले. आपल्या वस्तीतही अशी घरे आहेत. फरक इतकाच की त्यांतील पुष्कळ दुःखे आज टाळता येतात. म्हणून जिचे मूल गेले आहे तिला "काय केलेस?" असे विचारू नये. "डॉक्टरांना सगळे सांगितलेस का? मी येऊ का बरोबर?" असे विचारावे. इतके आपण केले, तरी एखाद्या घरात पुढच्या वर्षी पाळणा हालेल.

जय भीम!