ऊन अंगणात, तरी हाडं कच्ची का?

आज बोलू या एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि रोज एआरटीची औषधं घेणाऱ्या लेकरांबद्दल. देशात २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधं मोफत मिळू लागली. आज ही लेकरं शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात. म्हणून आता त्यांच्या हाडांकडेही पाहायला हवं.

जेवणातलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की पाय दुखतात, हाडं मऊ पडतात. कधी बाहेरून काहीच दिसत नाही, रक्त तपासल्यावरच कळतं. प्रमाण २० नॅनोग्रॅमच्या वर असावं, १२ च्या खाली गेलं तर ती कमतरता.

आपल्या भंडाऱ्यात उन्हाला काय तोटा? पण आजारपणामुळे किंवा लोक काय म्हणतील या भीतीनं लेकरू घरातच राहतं. शिवाय एफाविरेन्झ हे एआरटीतलं औषध आणि क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन यांमुळे शरीरातलं ड जीवनसत्त्व लवकर संपतं. टेनोफोविरमुळे हाडांची घनता थोडी कमी होऊ शकते. म्हणून औषध बंद करायचं का? मुळीच नाही! एआरटी थांबली तर विषाणू पुन्हा वाढतो. हाडांची कमतरता भरून काढता येते.

अगदी सकाळचं कोवळं ऊन यासाठी फारसं कामाचं नाही. लेकराची सावली त्याच्या उंचीएवढी किंवा आखूड असेल, तेव्हाचं ऊन उपयोगी. उन्हाळ्यात ते नऊच्या सुमारास मिळतं, हिवाळ्यात भर दुपारी. वीस-तीस मिनिटं हातपाय उघडे ठेवून खेळू द्या. मे महिन्यातल्या दुपारी मात्र बाहेर नको. अंड्याचा पिवळा बलक आणि तलावातली मासोळी यांतून थोडं ड जीवनसत्त्व मिळतं. दूध, तीळ, नाचणी यांतून कॅल्शियम मिळतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दुकानातून कॅल्शियमची गोळी आणून मनानं देऊ नका. पुष्कळ मुलांना आता डोल्युटेग्रॅव्हिर सुरू असतं. रिकाम्या पोटी कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सोबत दिली, तर हे औषध अंगात नीट उतरत नाही. ते या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर द्यावं, नाहीतर दोन्ही जेवणासोबत. तुमच्या लेकरासाठी कोणती वेळ, ते केंद्रात विचारा. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा सांगितली असेल, तर ती रोज देऊ नका. अति झालं तर मूत्रपिंडाला इजा होते.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात औषधं आणायला जाल, तेव्हा एवढं विचारा: "डॉक्टर, लेकराचं ड जीवनसत्त्व तपासायचं का?" घरात सुरू असलेली प्रत्येक गोळी सोबत न्या. लेकराचं नाव बाहेर फुटेल ही भीती नको, २०१७ च्या कायद्यानं ते गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. काही शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.