जमीन सरकते की भिंत?

आगगाडीच्या प्रवासात हा अनुभव तुम्ही घेतलाच असेल. तुमची गाडी स्टेशनात उभी असते. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी असते. एकाएकी तुमची गाडी हलू लागते. ‘चला, सुटली एकदाची!’ असे म्हणून तुम्ही दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून पाहता, तो काय! फलाट, चहावाला, पाण्याचा नळ, सारे जागच्या जागी! सुटलेली असते ती शेजारची गाडी.

डोळ्यांनी आपल्याला फसवले का? नाही. दोन वस्तू एकमेकींच्या संदर्भात हलत आहेत, एवढेच डोळे सांगू शकतात. त्यांपैकी जमिनीच्या संदर्भात कोणती हलते, हे ठरवायला फलाटाकडे पाहावे लागते. यालाच सापेक्ष गती म्हणतात. कॅमेऱ्याचेही असेच आहे. कॅमेरा ज्या वस्तूला घट्ट जोडलेला असेल, ती वस्तू पडद्यावर नेहमी स्थिरच दिसते. गाण्यांच्या चित्रफितींमधील काही नामांकित चमत्कार या एवढ्याशा नियमातून घडले आहेत.

सरकती जमीन

१९९६ साली जमिरोक्वाय या ब्रिटिश संगीतसमूहाच्या ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’ या गाण्याची चित्रफीत निघाली. तिचा दिग्दर्शक होता जोनाथन ग्लेझर. तिच्यात करड्या रंगाची एक साधी खोली दिसते. गायक नाचतो आहे आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकत्या पट्ट्यासारखी मागेपुढे जाते आहे. कोच गायकाच्या अंगावर चालून येतात, तो शिताफीने बाजूला होतो. एवढी मोठी जमीन सरकवणारे यंत्र कोणते असेल?

तसे यंत्र नव्हतेच! जमीन जागची हलत नव्हती. हलत होत्या त्या भिंती. भिंतींचा तो सांगाडा माणसे ढकलत होती आणि त्याच्याबरोबर कॅमेराही जात होता. भिंत आणि कॅमेरा एकाच गाडीचे प्रवासी. त्यामुळे भिंत स्थिर दिसली आणि बिचारी जमीन धावताना दिसली. जमिनीवर ठेवलेला कोच जमिनीबरोबर ‘सरकला’, तर भिंतीला जोडलेला कोच ‘स्थिर’ राहिला. गायक नुसता उभा राहिला की पाय न उचलता घसरत गेल्यासारखा दिसे. भिंतीच्या वेगाने त्याच दिशेला चालला, तर मात्र पाय हलत असूनही तो होता तिथेच दिसे.

छतावरचा नाच

हीच युक्ती गोल फिरवली तर? १९५१ सालच्या ‘रॉयल वेडिंग’ या अमेरिकन चित्रपटात फ्रेड अ‍ॅस्टेअर हा नर्तक नाचता नाचता भिंतीवर चढतो आणि मग चक्क छतावर नाचतो. त्यासाठी एक पूर्ण खोलीच प्रचंड पिंपात बसवून फिरवली होती. सामान खोलीला पक्के जोडले होते. कॅमेरा आणि तो चालवणारा माणूस यांनाही खोलीशी जखडून टाकले होते. खोली फिरली की तेही उलटे होत. नर्तक मात्र पिंजऱ्यातल्या चाकात धावणाऱ्या खारीसारखा सतत तळाशीच असे. पुढे १९८६ मध्ये लायनेल रिची या गायकाच्या ‘डान्सिंग ऑन द सीलिंग’ या गाण्यासाठी हाच प्रकार पुन्हा केला गेला. दिग्दर्शकही तोच होता, स्टॅन्ली डोनन!

पडणारे विमान

२०१६ मध्ये ओके गो या अमेरिकन संगीतसमूहाने याच्याही पुढची मजल मारली. त्यांच्या एका चित्रफितीत माणसे, चेंडू आणि रंगाचे फुगे विमानात तरंगताना दिसतात. ना दोऱ्या, ना संगणकाने काढलेली चित्रे. रशियातील एका इल्युशिन-७६ विमानात हे चित्रण झाले.

हे विमान आधी नाक वर करून चढते आणि मग फेकलेल्या दगडाप्रमाणे अन्वस्ताच्या वक्र मार्गाने जाते. त्या वेळी विमान, माणसे आणि कॅमेरा यांचा वेग अगदी सारखाच बदलत असतो, म्हणजे सारी एकदमच ‘पडत’ असतात. म्हणून कॅमेऱ्याला कोणीच पडताना दिसत नाही. गुरुत्वाकर्षण नाहीसे झालेले नसते. त्या उंचीवर ते एका टक्क्यानेही कमी होत नाही.

अशी भारहीन अवस्था फार तर २७ सेकंद टिकते. थोडे गणित करू. निम्मा वेळ, म्हणजे १३.५ सेकंद, वर जाण्यात जातो. ½ × ९.८ × १३.५² केले की सुमारे ८९० मीटर येतात. तेवढे वर जायचे आणि तेवढेच खाली यायचे! वळण घेताना शरीराचे वजन जवळजवळ दुप्पट भासते. पोट ढवळून निघते, ते वेगळेच. या कलावंतांनी एकामागून एक आठ झेपांमध्ये गाणे पुरे केले. दोन झेपांमध्ये ते आपापल्या जागी थांबत आणि मधला भाग नंतर काढून टाकला गेला.

करून पाहा

बुटांचे एक रिकामे खोके आडवे उभे करा. उघडी बाजू तुमच्याकडे असू द्या. आत काडेपेटीचे टेबल चिकटवा. छताला दोऱ्याने एक मणी टांगा. तळावर एक गोटी ठेवा. एका फळीवर खोके आणि त्याच्या समोर मोबाइल असे दोन्ही घट्ट बांधा. गोटी बाहेर पडू नये म्हणून फळी मोबाइलच्या बाजूने किंचित उचललेली ठेवा. चित्रण सुरू करून फळी सावकाश कुशीवर वळवा.

चित्रण पाहाल तेव्हा खोली स्थिर असेल. गोटी भिंत चढून छतावर गेलेली असेल. पण मणी मात्र गुपित फोडील! पाव फेरा होताच तो छताला लागून आडवा पडलेला दिसेल. म्हणूनच फिरत्या खोलीत सैल वस्तू टांगून चालत नाही. फळी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवली, तर गोटी पडद्यावर कोणत्या भिंतीकडे जाईल? आधी कागदावर उत्तर लिहा, मग पाहा.

आपली खोली

शेवटी एक प्रश्न. आपण सारे ज्या खोलीला जखडलेले आहोत, ती कोणती? अर्थात पृथ्वी! म्हणूनच सूर्य आणि तारे फिरताना दिसतात. नावेतून जाणाऱ्याला काठावरच्या वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच हे आहे, असे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवले. आणि या खोलीतला गुपित फोडणारा मणी? १८५१ मध्ये फुको या शास्त्रज्ञाने पॅरिसमधील एका उंच घुमटातून ६७ मीटर लांबीचा लंबक सोडला. त्याच्या झोक्यांची दिशा हळूहळू वळताना लोकांनी पाहिली. खरे तर वळत होती ती लंबकाखालची जमीन.

तेव्हा पडद्यावर पुढच्या वेळी काही अद्‌भुत दिसले, तर ‘हे कसे केले?’ असे विचारण्याआधी विचारा, ‘कॅमेरा कशाला बांधला आहे?’