रणभूमी पाहावी कशी? कोरेगावच्या स्तंभावरची नावे वाचताना

डिसेंबर संपत आला की आपल्या वस्त्यांमधून, चाळींमधून आणि बुद्धविहारांमधून एकच चौकशी सुरू होते, “कोरेगावला गाडी कधी सुटणार?” घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली अशा सर्व उपनगरांतून बसगाड्या, टेम्पो, जीपगाड्या निघतात. कुणी आगगाडीने पुण्यापर्यंत जातो, तर कुणी मोटारसायकलवर निळा झेंडा लावून थेट निघतो. रात्रभराचा प्रवास करून लाखो माणसे १ जानेवारीला विजयस्तंभापुढे उभी राहतात, मानवंदना देतात आणि संध्याकाळी घराकडे परततात.

ही मानवंदना आपल्या समाजाचा अभिमान आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु समाजबांधवांना आम्ही एक प्रश्न नम्रपणे विचारू इच्छितो. परतीच्या गाडीत आपल्या मुलाने विचारले, “बाबा, तिथे नेमके काय झाले? कोण कुठून आले? त्या दगडावर कुणाची नावे आहेत?” तर आपल्यापैकी किती जणांना नीट उत्तर देता येईल? शाळेत वा कचेरीत कुणी टोमणा मारतो, “तुम्ही इंग्रजांचा विजय साजरा करता,” तेव्हा आपला तरुण एकतर चिडतो किंवा गप्प बसतो. चिडूनही भागत नाही आणि गप्प राहूनही नाही. माहिती असावी लागते. ती ग्रंथांत आहे, तशीच रणभूमीवरही आहे. मात्र ती वाचता आली पाहिजे.

जगात रणभूमी कशी पाहतात?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. गुलामगिरी ठेवायची की नाही, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग या गावी १ ते ३ जुलै १८६३ अशी तीन दिवस लढाई झाली आणि दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे पन्नास हजार लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. ती सारी रणभूमी आज सरकारने राखली आहे. लष्करी इतिहासाची आवड असलेली माणसे बायकामुलांसह तेथे येतात. हातात नकाशा घेऊन पायी फिरतात. तोफ कुठे होती, टेकडी कुणी धरली, शेतातून कोण चालून आले, हे जागेवर उभे राहून समजून घेतात. अमेरिकेतील काळ्या बांधवांना या युद्धाचे महत्त्व फार आहे, कारण सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले.

त्यांच्यापैकी मॅसॅच्युसेट्सची ५४ वी पलटण १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅगनर या किल्ल्यावर चालून गेली. तिचा गोरा कर्नल रॉबर्ट शॉ तेथे मारला गेला आणि त्याच्याबरोबर अनेक काळे शिपाईही मेले. पुढे १८९७ साली बोस्टन शहरात या पलटणीचे स्मारक उभे राहिले. त्यावर पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. काळ्या शिपायांची नावे कोरायला मात्र १९८० चे दशक उजाडावे लागले. बलिदान एकाच दिवशीचे, पण नाव दगडावर यायला स्मारकानंतर ऐंशीहून अधिक वर्षे लागली!

हे ध्यानात ठेवून आता आपण कोरेगावच्या स्तंभाकडे वळू.

१ जानेवारी १८१८

पुण्याहून नगर रस्त्याने निघालो की वाघोली, लोणीकंद मागे टाकून सुमारे तीस किलोमीटरवर पेरणे फाटा लागतो. स्तंभ येथे, म्हणजे भीमा नदीच्या पुण्याकडील बाजूला आहे. कोरेगाव हे गाव पूल ओलांडल्यावर पलीकडच्या काठाला आहे. लढाई मुख्यतः त्या गावात झाली. म्हणून जो केवळ स्तंभापाशी थांबतो, त्याने रणभूमीचा एकच कोपरा पाहिला असे समजावे.

कंपनी सरकारची एक तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आठच्या सुमारास शिरूरहून निघाली. पुण्यातल्या इंग्रज फौजेला कुमक पोहोचवायची होती. कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन हा तिचा प्रमुख. मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे सुमारे ५०० शिपाई, अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि दोन तोफांसह तोफखान्याचे चोवीस युरोपियन, एवढी ती तुकडी होती. रात्रभर चालून, सुमारे चाळीस किलोमीटरची मजल मारून, सकाळी दहाच्या सुमारास हे लोक भीमेकाठी पोहोचले. समोर पाहतात तो पलीकडे दुसऱ्या बाजीरावाची प्रचंड फौज! वीस हजार घोडदळ आणि आठ हजार पायदळ, असा तिचा आकडा सांगितला जातो.

मोकळ्या मैदानात घोडदळापुढे टिकाव लागणार नाही, हे ओळखून स्टाँटनने कोरेगावचा आसरा घेतला. गावाला मातीची बुटकी भिंत होती. पेशव्यांकडून अरब, गोसावी यांच्यासह निवडक पायदळाच्या तुकड्या नदी ओलांडून गावात घुसल्या. घराघरातून, गल्लीगल्लीतून झुंज झाली. रात्रभर चालून आलेले शिपाई दिवसभर उपाशी लढले. नदी हाकेच्या अंतरावर असूनही काठ शत्रूच्या ताब्यात गेल्यामुळे प्यायला पाणी नव्हते. तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम मारला गेला आणि एक तोफ हातची गेली. ती लेफ्टनंट पॅटिन्सन व शिपायांनी हातघाईची लढाई करून परत घेतली. रात्री नऊच्या सुमारास मारा थांबला, तेव्हा कुठे त्यांना पाणी मिळाले.

दुसऱ्या दिवशी पेशव्यांची फौज निघून गेली, कारण जनरल स्मिथ मोठी फौज घेऊन मागून येत होता. स्टाँटनही पुण्याला न जाता शिरूरला परतला. कंपनीचे सुमारे आठशेंपैकी २७५ लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले होते. पेशव्यांचे पाचशे ते सहाशे लोक कामी आले वा जायबंदी झाले, असा अंदाज आहे.

खरे तेवढेच सांगावे

आता थोडे स्पष्ट बोलतो. “पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापून काढले,” असे आपल्या सभांमधून ऐकू येते. ऐकायला बरे वाटते. पण अठ्ठावीस हजार हा सगळ्या छावणीचा आकडा आहे. गावात उतरलेली माणसे त्या मानाने थोडी होती. तसेच कंपनीच्या तुकडीत महारांबरोबर मराठे, राजपूत, मुसलमान, ज्यू असे सर्व जातिधर्मांचे शिपाई होते. आपण फुगवून सांगितले की विरोधक त्या एका फुग्याला टाचणी लावतो आणि सारा इतिहासच खोटा म्हणून मोकळा होतो. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी ही संधी त्याला का द्यावी? जे खरे आहे, तेच पुरेसे मोठे आहे.

खरे काय, ते स्तंभावर आहे. २६ मार्च १८२१ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि १८२२ साली तो पुरा झाला. इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत त्यावर लेख आहेत. पडलेल्यांमध्ये ४९ शिपायांची नावे आहेत व त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा शब्द आहे. सोमनाक कमळनाक नाईक, रूपनाक लखनाक अशी ती नावे आहेत. ‘नाक’ ही त्या काळी महारांच्या नावाची ओळख होती. शिपायाच्या नावापुढे बापाचेही नाव आहे, आणि नाईक हा त्याचा हुद्दा.

बंधू-भगिनींनो, हे वर्ष कोणते, ते लक्षात घ्या. ज्या पेशवाईत अस्पृश्याला पुण्याच्या रस्त्यावर कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालावे लागे असे बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या ग्रंथात नमूद केले, ती पेशवाई बुडून चार वर्षेही झाली नव्हती. ज्याची सावलीदेखील चालत नव्हती, त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, इतर जातींच्या शिपायांच्या शेजारी एकाच दगडावर आले. बोस्टनच्या शिपायांना त्यासाठी ऐंशीहून अधिक वर्षे थांबावे लागले. आपल्या बावीस जणांची नावे चार वर्षांत कोरली गेली.

इंग्रजांनी ती आपल्यासाठी कोरली का?

नाही. कंपनीने तो स्तंभ कंपनीच्या गौरवासाठी उभारला. जातिभेदाविरुद्ध त्यावर अक्षरही नाही. शिपाई पगारासाठी पलटणीत गेले होते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पेशव्यांच्या बाजूचे अरबही पगारावरच लढत होते. त्या काळच्या बहुतेक फौजा अशाच होत्या. मात्र गावात ज्याला हत्यार धरण्याचा आणि मानाचा हक्क नव्हता, त्याला पलटणीत बंदूक, गणवेश आणि हुद्दा मिळाला. त्याचा अर्थ त्याच्या नातवंडांना कळला.

इंग्रज आपले उपकारकर्ते असते, तर १८९२ साली महारांची लष्करभरती बंद झाली नसती. लढाऊ आणि बिनलढाऊ जाती असा भेद करून त्यांनी आपल्याला दाराबाहेर काढले. निवृत्त लष्करी गृहस्थ गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा सरकारकडे दाद मागितली. तेव्हा पूर्वजांच्या पराक्रमाचा दाखला म्हणून कोरेगावचा हा दगडच पुढे केला गेला. स्वतः सुभेदाराचे पुत्र असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी येथे आले आणि या जागेला चळवळीत स्थान मिळाले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली उभी केलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. पुढे बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आज या रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे असून तीत सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. आपल्या मुंबईत जन्मलेले मेजर रामास्वामी परमेश्वरन हे याच रेजिमेंटचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत त्यांना वीरमरण आले व मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

तेव्हा “इंग्रजांचा विजय साजरा करता काय?” या प्रश्नाला आमचे उत्तर सरळ आहे. स्तंभ इंग्रजांचा असेल, नावे आमच्या पूर्वजांची आहेत. आम्ही त्या नावांना वंदन करतो.

यंदा असे जाऊन पाहा

१ जानेवारीला जरूर जावे. पण त्या दिवशी गर्दीमुळे नावे वाचायला क्षणभरही उभे राहता येत नाही. १ जानेवारी २०१८ रोजी, दोनशे वर्षे पुरी होत असताना, तेथे येणाऱ्यांवर दगडफेक व जाळपोळ झाली, हेही आपण विसरलेलो नाही. तेव्हापासून बंदोबस्त कडक असतो व गाड्या दूर उभ्या कराव्या लागतात. म्हणून आमची सूचना अशी की, वर्षातून आणखी एकदा, एखाद्या साध्या रविवारी, विहारातील वीस-पंचवीस मुलामुलींना घेऊन जावे.

भाकरी-चटणी आणि पाणी घरूनच न्यावे. प्रत्येक मुलाकडे वही-पेन्सिल असावी. प्रथम स्तंभापाशी त्रिसरण-पंचशील घ्यावे. मग मुलांनी नावे उतरवून घ्यावीत, एकाने वाचावे आणि इतरांनी लिहावे. त्यानंतर पूल ओलांडून गावाच्या बाजूला जावे. शिरूर कुठे, पुणे कुठे, नदी कुठे, हे मुलांना बोटाने दाखवावे व वहीत नकाशा काढायला लावावा. गावकऱ्यांशी आदराने बोलावे. घोषणाबाजी टाळावी. वेळ असेल तर जवळच वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे, तेथेही नतमस्तक व्हावे.

माताभगिनींनी मागे राहू नये. त्या शिपायांच्याही आया होत्या, बायका होत्या. दगडावर त्यांची नावे नाहीत. ही गोष्टही मुलींना सांगावी.

आणि घरी आल्यावर एक काम करावे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात आपले दहा जण गेले. दोनशे वर्षांपूर्वीच्या बावीस नावांशेजारी वहीच्या दुसऱ्या पानावर ती दहा नावे लिहावीत. ती मुलाला पाठ नसतील, तर आधी आईबापांनी पाठ करावीत.

जय भीम!