शरणपूर ते सातपूर : नाशिकमधल्या जर्मन पाऊलखुणा

नाशिकच्या इतिहासात इंग्रज सगळ्यांना ठाऊक आहेत. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या या शहराच्या कायमच्या स्मरणात आहेत. जर्मन माणसांची आठवण मात्र कुणी काढत नाही. वास्तविक गेल्या पावणेदोनशे वर्षांत जर्मन लोकांच्या देशात जी मोठी उलथापालथ झाली, तिचे धागे नाशिकपर्यंत येऊन पोचले आहेत. ते एकत्र जुळवून पाहायला हवेत, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

सुरुवात होते त्या वेळी जर्मनी नावाचे एक राष्ट्रच नव्हते. १८१५ नंतर तिथे ३९ संस्थानांचा एक सैलसा संघ होता. वसाहती नव्हत्या, त्यामुळे धर्मप्रसारासाठी दूरदेशी जाऊ पाहणारे कष्टाळू प्रोटेस्टंट तरुण स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या मिशन-शाळेत शिकत आणि त्यातले बरेच जण चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रजी संस्थेत दाखल होत. याच संस्थेने १८३२ मध्ये नाशकात काम सुरू केले होते. पुढे १८५४ च्या सुमारास विल्यम प्राइस यांनी गावाबाहेर ख्रिस्ती वसाहत वसवली, तेच आपले शरणपूर.

बार्मेन गावचे कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग याच वाटेने आले. आधी इथिओपियात राहून त्यांनी अम्हारिक भाषेचा कोश आणि व्याकरण लिहिले होते. तिथून बाहेर पडावे लागल्यावर ते मुंबईला आले. अरबी गलबतांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेली आफ्रिकी गुलाम मुले तेव्हा मुंबईत उतरवली जात. इझेनबर्ग यांच्या देखरेखीखालची ही मुले १८६० च्या सुमारास शरणपूरला आली. तिथे त्यांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले गेले.

आणि इथूनच एक विलक्षण उलटा प्रवास सुरू झाला. पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाजवळच्या राबाई गावात योहानेस रेबमान हे दुसरे जर्मन मिशनरी वर्षानुवर्षे जवळजवळ एकटे तग धरून होते. बर्फाने झाकलेला किलिमांजारो १८४८ मध्ये पाहून युरोपला त्याची बातमी देणारे ते हेच. त्यांच्या मदतीला १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे नाशिकला शिकलेले आफ्रिकी तरुण गेले. आफ्रिकेत फिरलेला प्रवासी लिव्हिंग्स्टन याचे शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत नाशिकचे विद्यार्थी होते, एवढे पुष्कळांना माहीत असते. राबाईची गोष्ट मात्र मागे पडली. माझ्या मते ती अधिक मोलाची आहे. लिव्हिंग्स्टनबरोबरचे विद्यार्थी एका प्रसिद्ध माणसाच्या सेवेत होते. राबाईत गेलेल्यांनी मात्र ज्या खंडातून आपल्याला पळवून नेले, तिथेच परत जाऊन वस्ती उभी केली. रेबमान १८७५ मध्ये जवळजवळ आंधळे होऊन मायदेशी परतले, तेव्हा तिथे जर्मन साम्राज्य स्थापन होऊन चार वर्षे झाली होती.

पुढच्या जर्मनांना मात्र हिंदुस्थानात काटेरी तारेमागे राहावे लागले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या जर्मनांना अहमदनगरला ठेवले गेले. सप्टेंबर १९३९ मध्ये पुन्हा धरपकड झाली. नगरच्या छावणीत नाझी पक्षाचे सभासद होते आणि हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही होते. सरकारच्या लेखी सुरुवातीला दोघेही शत्रूचे नागरिक. छळ करणारा आणि छळ सोसलेला यांना एकाच कुंपणात कोंडणे हा अन्यायच होता. ज्यूंपैकी अनेकांना चौकशीनंतर सोडावे लागले, यातच ती चूक दिसून येते.

याच बंदिवानांत नंगा पर्वताच्या टेहळणीवरून परतताना कराचीत अडकलेले गिर्यारोहक होते: पेटर आउफश्नायटर, हाइनरिश हारर, लुट्झ शिकेन आणि हान्स लोबेनहोफर. हारर ऑस्ट्रियाचा. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला नसता, तर तो जर्मन ठरलाच नसता. नगरहून या मंडळींना नाशिकजवळच्या देवळालीला हलवले गेले. वाटेत लॉरीतून निसटण्याचा हाररचा बेत फसला. तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातला गोवा पुढच्या देहरादूनच्या छावणीपेक्षा इथून जवळ, म्हणून पळण्याची आशा इथे अधिक होती. १९४१ मध्ये त्यांना देहरादूनला नेले. तिथून एप्रिल १९४४ मध्ये सात जण तारकाम करणाऱ्यांची टोळी आणि तिच्यावरचे गोरे अधिकारी अशा वेशात दिवसाढवळ्या बाहेर पडले. हारर आणि आउफश्नायटर १९४६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. हाररचे साहस मोठे खरेच, पण १९३८ मध्ये तो हिटलरच्या एसएस संघटनेत सामील झाला होता, हेही त्याच्या नावापुढे लिहायलाच हवे. ते जगाला कळायला १९९७ उजाडावे लागले.

युद्धाने बेचिराख झालेला पश्चिम जर्मनी कारखान्यांच्या बळावर उभा राहिला आणि त्याची एक फांदी नाशिकच्या सातपूरला आली. बॉश या जर्मन कंपनीच्या भागीदारीतली मायको बंगळुरूत १९५१ ची. नाशिकचा कारखाना १९७० च्या आसपासचा. डिझेल इंजिनाला इंधन फवारणारे नोझल इथे बनू लागले. केसाच्या जाडीहूनही बारीक मापात काम करण्याची शिस्त इथल्या कामगारांनी अंगी बाणवली. मायकोत नोकरी लागली म्हणजे घराचे भले झाले, असे नाशिककर मानत. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, तरी रिक्षावाल्याला आजही मायको सर्कलच सांगावे लागते.

बॉशचे मुख्यालय स्टुटगार्टजवळच्या गेरलिंगेन गावात आहे. नाशिकच्या आफ्रिकी तरुणांची राबाईत वाट पाहणारे रेबमान जन्मले तेही याच गेरलिंगेनमध्ये.

शरणपूरची कागदपत्रे निदान मिशनच्या दप्तरात टिकली. देवळालीची छावणी पाहिलेले लोक आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरले नसतील. मायकोच्या पहिल्या पिढीतले कामगार मात्र अजून आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्या मुलानातवंडांनी आताच लिहून घ्याव्यात, एवढी विनंती.