पालीच्या किनाऱ्यावर जुन्या बोटीची पारख

मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तन, पाली आणि चौक या मच्छीमार गावांत, 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांच्या मासेमारी बंदीच्या काळात यांत्रिक बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, म्हणजे पावसापासून आच्छादून ठेवल्या जातात. जुनी बोट विकत घेऊ पाहणाऱ्याला तिचा तळ नीट पाहण्याची संधी मिळते ती याच काळात. मात्र कोरड्यावर तळ दिसतो तेव्हा इंजिनावर भार टाकता येत नाही आणि बोट पाण्यात उतरली की तळ दिसेनासा होतो, म्हणून ही तपासणी दोन टप्प्यांत करणे भाग असते. एकाच दिवसात सौदा उरकण्याची घाई बहुधा विकणाऱ्याच्या सोयीची असते.

लाकडी तळ हातोडीने ठोकत गेल्यास निकोप फळी खणखणीत वाजते, कुजलेली बद्द वाजते. पाणरेषेजवळ, खिळ्यांभोवती आणि इंजिन ज्या आडव्या-उभ्या लाकडांवर बसवलेले असते त्या बैठकीत सुरीचे टोक सहज रुतले, तर वरचा ताजा रंग शोभेपेक्षा झाकण्यासाठीच दिलेला असण्याचा संभव असतो. फायबरच्या बोटीत कूज नसली तरी थरांत पाणी शिरून फोड येतात, आणि पायाखाली दबणारा डेक आतला गाभा भिजल्याचे सांगतो.

इंजिनाची परीक्षा अधिक कठीण असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अनेक बोटींत मुळात ट्रकसाठी बनलेले डिझेल इंजिन समुद्री वापरासाठी बदलून बसवलेले असते; रेडिएटरऐवजी समुद्राच्या पाण्याच्या साहाय्याने ते थंड ठेवले जात असल्याने क्षार आणि गंज हे त्याचे कायमचे शत्रू होत. सुरू करण्यापूर्वी इंजिनाला हात लावून ते खरोखर थंड आहे याची खात्री करावी, कारण आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनात सिलिंडरमधील दाब कमी झाल्याची खूण, म्हणजे थंड असताना सुरू होण्यातली टाळाटाळ, लपून जाते. टिकणारा निळसर धूर जळणारे वंगण दाखवतो. काळा धूर अपुरी हवा, सदोष इंजेक्टर किंवा अतिभार सुचवतो. तेलपट्टीवर दुधाळ तेल दिसले तर वंगणात पाणी मिसळले आहे, आणि तेथे किमतीची घासाघीस करण्यापेक्षा परत फिरणे शहाणपणाचे ठरते.

बोट पाण्यात गेल्यावर तिला भक्कम दोराने बांधून गिअर टाकावा व पंख्याचा भार हळूहळू वाढवावा. तापमान चढतच राहिले, वंगणाचा दाब घसरला किंवा शाफ्ट थरथरू लागला, तर रिकाम्या चालीतला गोड आवाज फसवा होता हे उघड होते.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. नोंदणी, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 खालील परवाना आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक एकमेकांशी जुळले पाहिजेत. बोट मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत मिळालेल्या कर्जातून बांधलेली असेल, तर ते फिटल्याचा लेखी दाखला इसार देण्याआधीच मागावा.